रमा नावाची बाई

बायको गेल्याचं सोमवारी दवाखान्यातून कळलं. पुढच्या सोमवारी मी महाल भागातल्या कचेरीत तिच्या मृत्यूची नोंद करायला गेलो. जन्माची रांगही तीच होती. माझ्यापुढे एक म्हातारी आणि तिचा मुलगा तान्ह्या नातीचं नाव नोंदवायला उभे होते.

"रमा नको लिहू गा, बापू."

"काहून माय? बाबासाहेबांच्या रमाईचं नाव आहे."

"रमाईनं चाळिशी नाही पाहिली. मास्तरीण सांगे, पेशव्याची रमाबाई तर नवऱ्यासंगं चितेवर गेली."

"पंडिता रमाबाई साठीच्या पुढे जगल्या ना!"

"त्या पुस्तकातल्या. मले आपल्यासारख्या घरातली सांग, पिकल्या केसांची."

"आता रांगेत कुठून आणू? तिकडे पोरीची माय हेच नाव घेऊन पाळणा हालवून राहिली."

तो मागे वळला.

"काकाजी, तुमच्या ओळखीत कोणी रमा आहे काय?"

"माझी बायको."

"केस पिकले काय जी तिचे?" म्हातारीनं विचारलं.

"अर्धे पिकले. कालच भांडली माझ्याशी."

"मंग लिही गा," म्हातारी हसली.

त्यांनी नाव लिहिलं. खिडकीमागच्या कारकुनानं माझा कागद मागितला, पण ती दोघं अजून खिडकीशीच उभी होती. मी कागद खिशात घालून घरी आलो.

रमाच्या मृत्यूची नोंद अजून करायची आहे.