राशीवरचं चुन्याचं बोट

जमलेल्या मंडळींनो, पाव्हण्यांनो, आयाबायांनो. एवढ्या लांबनं आलात. ऊन चढलंय, मंडप तापलाय, तरी बसून हायसा. माझ्या भावासाठी आलात म्हणून आधी समद्यांना हात जोडती.

मला माईकवर बोलायची सवय न्हाय. कुठं सुरू करावं कळंना. मघाशी हणमंतराव म्हणलं, आत्या, तुमी बसा, बायकामाणसानं कशाला त्रास घ्यायचा. हणमंतराव, त्रास तर हितं बसल्यापासनं चाललाय. आता बोलले तरच जरा हलका व्हईल.

ज्यांना माहीत न्हाय त्यांना सांगती. मी सुलोचना. शंकरतात्याची धाकटी भन. काटेवाडीला दिली, पण जन्म ह्याच गावातला, म्हणून अख्खं गाव मला आत्या म्हणतं. आत्याला भाच्याचा कान धरायचा हक्क असतो. तेवढा आज घेती.

माझ्या आधी जे जे बोललं, त्यांनी माझ्या भावाला देवमाणूस केलं. आधारवड म्हणलं. एकजण तर म्हणलं, तात्या म्हंजे गावचा इतिहास. अवो, ह्याच तोंडानं तुमी त्याला धोंड्या म्हणत होता की. पारावर बसून म्हणत होता, आला बघा धोंड्या, निघाला डोंगराला. ह्या कानांनी ऐकलंय मी. तवा त्यो हसून पुढं जायचा. आज त्यो गेला, तर तुमच्या तोंडाला एवढी साखर कुठनं आली? मला ह्याची शिसारी येती. रागवायला तरी अंगात बळ लागतं, तेवढं माझ्यात आज न्हाय. दुधात माशी पडल्यावर पेला लांब सारतो, तसं व्हतंय मला.

ती फ्लेक्स बघा. वर समद्या पुढाऱ्यांची हसरी तोंडं. मेलेल्या माणसाच्या फ्लेक्सवर हसत्यात. माझा दादा कुठं हाय? खाली कोपऱ्यात, त्याबी फोटोत त्याची टोपी कापलीया. पण ते जाऊ द्या. फ्लेक्सपायी मी उठली नसती.

मी उठली ती हणमंतरावांनी शेवटाला जे जाहीर केलं त्यापायी. हणमंतराव आपल्या मंडळाचं अध्यक्ष, आमच्या चुलतभावाचं पोर. ते म्हणलं, तात्यांचं स्मारक करू. टेकडीच्या माथ्यावर. राशीची जागा सपाट करू, चौथरा बांधू, वर तात्यांचा पुतळा, बाजूला पोरांना फोटो काढाय कट्टा. दगड तितंच पडल्यात, आणायची कटकट न्हाय. उद्या सकाळी जेसीबी वर चढणार. आन तुमी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या.

पाव्हण्यांना रास काय हाय ते ठाऊक नसंल. गावाच्या मागं ती टेकडी दिसती ना, तिच्या पार माथ्यावर मोठ्या धोंड्यांचा गोल हाय. त्या गोलात दगडांचा ढीग. आमी लहान असताना शेळ्या घेऊन जायचो तवा त्यो ढीग आमच्या डोक्याच्या वर होता. आता गुडघ्याला लागतो. कुण्या एका राक्षसानं तितं जुंधळ्याची रास केली, दारात आलेल्याला मूठभर दिली न्हाय, म्हणून राशीचं दगड झालं, असं समदी सांगायची. म्हणून ती रास.

दादा एमआयडीसीत दुधाच्या प्लांटला होता. जन्मभर फटफटीवर गेला आन आला. नोकरी संपली, वैनी गेल्या, घर खायाला उठाय लागलं, तवा त्यो सकाळचा टेकडीवर जाय लागला. तितं त्याला कॉलेजातल्या एक मॅडम भेटल्या. पोरापोरींना घेऊन आल्या होत्या. त्यांनी हिंडून बघितलं, मापं घेतली आन सांगितलं, आजोबा, ही रास न्हाय, हे मयत पुरलेली जागा हाय. देवळं बांधायच्या आधीची, राजे लोकांच्या आधीची. कुणाची, ते कुणालाच सांगता यायचं न्हाय.

दादानं इचारलं, बाई हाय का बाप्या?

मॅडम म्हणल्या, खणल्याबिगर कळायचं न्हाय.

दादा म्हणला, मग ऱ्हाऊ द्या. खणू नका. झोपलेल्याला उठवून नाव इचारायचं का?

मॅडमनी एवढंच सांगितलं, जमलं तर दगड हलवू देऊ नका. त्या गेल्या. हा माणूस तेवढं एक वाक्य धरून बसला.

मला त्यानं हे समदं जेवताना सांगितलं. माझ्याच घरी, काटेवाडीला. घास हातात धरून म्हणला, सुले, आपण मूठमाती देतो का न्हाय? मयताला येणारा हरेक माणूस एक मूठ माती टाकतो. ह्या लोकांनी धोंडा दिलाय. ते धोंडं टेकडीचं न्हाईत गं, गुळगुळीत हायत, खालच्या वढ्यातलं हायत. एकेकानं वढ्यातनं उचलला, टेकडी चढला, आन ठेवला. आपल्या लहानपणी ढीग केवढा होता ते आठव, म्हंजे माणसं किती आली असतील. कोण असंल एवढं लाडकं?

मी म्हणलं, जेव आधी, भाकरी निवाय लागली.

आता तुमी काय केलं ते सांगती. खाली बघू नका. वर बघा.

कुणीतरी कुठल्या देवाच्या डोंगरावर जाऊन आलं. तितं माणसं दगडावर दगड रचत्यात आन मनात म्हणत्यात, देवा, माझं घर व्हऊ दे. चांगलं हाय. कुणाला घर नको? पण ते लोण आपल्या टेकडीवर आलं. ह्या टेकडीवर ना देव, ना देऊळ. मग रचायला दगड कुठनं आणायचं? राशीतनं. हाताशी हाय ना. वाकायचीबी गरज न्हाय. लग्न झाल्यावर नवरानवरी वर जाणार, राशीतलं दगड काढणार, चार थरांचं घर करणार, फोटो काढणार, खाली येणार. अवो, मयताच्या अंगावरचं पांघरूण वढून तुमी तुमची घरं बांधलीत. मूठमाती दिलेली माती कुणी परत उकरून घरी नेतं का? तुमच्या बापाच्या बाबतीत असं कुणी केलं तर तुमी त्याचं पाय ठेवाल जाग्यावर?

आन माझा भाऊ रोज सकाळी ती घरं मोडायचा. एकेक दगड उचलून राशीत परत ठेवायचा. त्याच्या खिशात तंबाखूचा बटवा आन चुन्याची डबी असायचीच. परत ठेवायच्या आधी दगडाच्या खालच्या अंगाला चुन्याचं एक बोट लावायचा. म्हंजे पुन्हा कुणी नेला तर कळावं, हा राशीतला. खालच्या अंगाला का, तर वर लावला तर रास रंगवल्यावानी दिसंल म्हणून. मयताची शोभा नको व्हायला म्हणायचा.

एक सून भांडाय आली होती दारात. मी तवा हितंच होते. म्हणली, तात्या, माझं घर मोडलं तुमी, आता आमचं घर झालं न्हाय तर? दादा म्हणला, पोरी, तुझं घर व्हईल. पण आधी बघ, कुणाचं पाडून बांधत होतीस. ती पोरगी आली तशी माघारी गेली. गावाला मात्र ते पटलं न्हाय. गावानं त्याला धोंड्या नाव दिलं.

भाऊबीजेला मी आले, तर म्हणला, चल, वर जाऊन यू. गुडघं दुखत होतं त्याचं, माझंबी. बसत बसत चढलो. माथ्यावर पोचलो तर वारं सुटलेलं. खाली कालव्याचं पाणी, ऊस, डाळिंबाच्या बागा, लांब एमआयडीसीचा धूर. बघाय एवढं देखणं, की मला वाटलं हितं पुरायचं ठरवणारं माणूस शाणं होतं.

आन मग मी खाली बघितलं. तुमाला ऐकवत न्हाय का? ऐका. दारूच्या बाटल्या. अर्ध्या फुटलेल्या, राशीत खोचलेल्या. वेफरची पाकिटं. कुणाचा तरी वाढदिवस झाला होता, केकचा लगदा धोंड्यांना फासलेला, त्याला मुंग्या लागलेल्या. गोलातल्या सगळ्यात मोठ्या धोंड्यावर तांबड्या ऑइलपेंटनं बदाम, त्यात दोन नावं. त्या पोराचं नाव मी आज घेत न्हाय, त्यो हितं बसलाय, बायको शेजारी हाय आन ती त्या नावाची न्हाय. गुटख्याच्या पिचकाऱ्या तर किती. आन गोलातल्या मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला, जिथं वारं लागत न्हाय, तितं माणसं हागून गेलेली. मयताच्या उशाला. मी पदर नाकाला लावून मागं सरले.

दादाला काय झालं न्हाय. त्यानं काखेतलं पोतं काढलं, बाटल्या भराय लागला. मी म्हणलं, दादा, कशापायी रं एवढं? तुझा कोण लागतो त्यो?

म्हणला, माझा कुणी न्हाय. पण कुणाचा तरी हाय.

मी म्हणलं, गावाला सांग की.

सांगितलं, म्हणला. गाव हसतं.

मग बसला. तंबाखू मळली. दगडाला चुन्याचं बोट लावलं, तेच बोट धोतराला पुसलं. आन मला म्हणला, सुले, एक ध्यानात ठेव. मी मेलो तर मला हितं आणू नका. राख नको, पाटी नको, झाड नको, काय नको. मी म्हणलं, का रं? तुझी एवढी आवडीची जागा. तर म्हणला, हितली जागा भरलेली हाय.

ऐकलंत हणमंतराव? जागा भरलेली हाय. हे त्याचं शब्द हायत. तुमी ज्याचा पुतळा बसवणार त्याचं. दुसऱ्याचं मढं बाजूला सारून माझ्या भावाला तितं उभा करणार तुमी. तुमी त्याचा मान करत न्हाय, त्याच्या तोंडाला काळं फासताय. आन कट्टा कशाला? माझ्या भावाच्या खांद्यावर हात टाकून पुन्हा फोटो काढायला?

अजून एक ऐका, मग बसती.

आज सकाळी मी मंडपात आले. हे खांब उभं केल्यात, त्यांच्या बुडाला दगड लावल्यात वाऱ्यानं हलू नये म्हणून. मला दगड वळखीचं वाटलं. गुळगुळीत. मी एक उचलून खालनं बघितला. चुन्याचं बोट. दुसरा बघितला. त्यालाबी. पोरांना इचारलं, कुठनं आणलं? तर म्हणली, आत्या, वरनं ट्रॉली भरून आणली, नायतरी उद्या सपाटच करायचंय.

मी खांबाला टेकून उभी ऱ्हायले. रडूबी येईना. ज्या माणसानं एकेक धोंडा परत नेऊन ठेवला, त्याच्या शोकसभेचा मंडप तुमी त्याच धोंड्यांवर उभा केला.

आन हे टेबल. ह्याच्यावर दादाचा फोटो हाय, हार हाय, समई हाय. ह्याचा एक पाय आखूड हाय. त्याच्याखाली काय दिलंय ते तुमाला तिथनं दिसायचं न्हाय. मी काढून दावती. अगं, समई धर कुणीतरी. धरलीस? हं.

हा बघा. हे पांढरं दिसतंय? हे माझ्या भावाचं बोट हाय. नीट बघा, रेघाबी उठल्यात. त्याला परवा जाळलं, समदं गेलं, हे तेवढं ऱ्हायलंय.

फोटो कलला का? कलू द्या. नीट करू नका. त्याला असाच चालंल.

हणमंतराव, जेसीबीवाल्याला आत्ता फोन लावा, माझ्यासमोर. न्हाय लावला तर उद्या मी त्या राशीवर बसलेली असंन, आन मला उचलायला तुमालाच यावं लागंल. आत्याला उचलाय येणारा भाचा अजून ह्या गावात जन्मला न्हाय.

आता उठा. आपण शांत उभं ऱ्हायचंय. पण मोकळ्या हातानं न्हाय. ज्याच्या जवळ खांबाचा दगड हाय, त्यानं त्यो काढून हातात घ्या. मंडप पडला तर पडू द्या, वर आभाळ हाय. आन गप उभं ऱ्हाताना दादाला आठवू नका. त्याला आठवाय मी हाय. जो वर निजलाय, बाई असंल का बाप्या असंल, ज्याच्यासाठी कधीतरी कुणी वढ्यातनं धोंडा उचलून टेकडी चढलं, त्याला आठवा. त्याचं नाव घ्याय आता कुणी ऱ्हायलं न्हाय.

मग मी वर निघाली. हा धोंडा घेऊन. माझं गुडघं दुखत्यात, मी बसत बसत जाईन. ज्यांना यायचं त्यांनी मागनं या, आपापला घेऊन.

दादा, रामराम. ठेवून येती रं, तुझं बोट खाली करून, पालथाच ठेवती.