सेन्सरची खंडेनवमी

...आणि वर मलाच विचारतात, "आजोबा, तुम्ही त्याला हात लावला काहून?" अहो, हात कशाला लावीन मी? हळदकुंकू लावलं! हात लावणं आणि हळदकुंकू लावणं यांत काही भेद आहे की नाही? तुम्हीच सांगा!

तुम्हांला सांगतो, आमची नात प्रणोती विद्यापीठात संशोधन करते. विषय? वायू ओळखणारा सेन्सर. आता तुम्ही म्हणाल, विष्णुपंत, तुम्ही तोफांच्या कारखान्यात लेथ चालवलेला माणूस, तुम्हांला त्यातलं काय कळतं? वाचलंय मी! तिच्या प्रबंधाची पहिली तीन प्रकरणं, शब्दकोश मांडीवर घेऊन, दोनदा! जुना सेन्सर म्हणजे पापड. कथिलाच्या ऑक्साइडचा सपाट थर. वायू येतो, पृष्ठभागाला चिकटतो, विजेचा रोध बदलतो, घंटा वाजते. प्रणोतीने काय केलं? त्याच पिठाची कुरडई घातली! केसाच्या हजाराव्या भागाइतक्या तारांचं जाळं... नॅनो, नॅनो म्हणतात ते हेच. पीठ तेवढंच, पण वायूला चिकटायला जागा केवढी वाढली! ही कुरडईची उपमा माझी बरं का. प्रबंधात घे म्हटलं, तर म्हणते, "आजोबा, तसं नसते हो!"

असो. हा सेन्सर घातलेली जाळीची डबी आमच्या चेरीताल मोहल्ल्यातल्या घरात, ओट्याखाली सिलिंडरजवळ बसवली. सात दिवस घरगुती चाचणी, आठव्या दिवशी तिच्या हिंदीभाषी मार्गदर्शक सरोजिनी मॅडम तपासायला येणार. त्यांनी मान हलवली तरच प्रबंध पुढे, नाही तर तीन वर्षं पाण्यात!

पण काय ते नाक! हिंगाची फोडणी दिली... किंचाळली. इडलीचं पीठ आंबलं... किंचाळली. सूनबाई यामिनी म्हणते, "बाबा, मी स्वयंपाक करून राहिले का चोरी?" आणि आमचे शेजारी भय्यासाहेब, "विष्णुपंत, आपण तर कधीची सोडली हो!" असं शपथेवर सांगणारे, विरजण मागायला आत आले मात्र, डबीने असा टाहो फोडला की भय्यासाहेब विरजण न घेताच पसार! मद्यार्काची वाफ, दुसरं काय? वाचलंय मी!

मग उजाडला सहावा दिवस, खंडेनवमी. चौतीस वर्षं लेथची पूजा केल्यावाचून मी त्या दिवशी घोटभर चहा घेतलेला नाही! घरातली सुरी झाली, अडकित्ता झाला, कात्री झाली, आणि सर्वांत तल्लख हत्यार तेवढं कोरडं ठेवायचं? गंध, अक्षता, हळदकुंकू, झेंडूचं फूल... यथासांग! चिमूटभर हळद जाळीतून आत गेली. म्हटलं, जाऊ द्या, पूजा पोहोचली!

संध्याकाळी हिंगाची फोडणी... शांतता. इडलीचं पीठ... शांतता. भय्यासाहेब तर निर्धास्त बसून दोन कप चहा पिऊन गेले! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हळद! तारांमधल्या फटी बुजल्या! चौथं प्रकरण, पृष्ठभागाचं प्रदूषण... नेमकं तेच वाचलं नव्हतं हो मी!

मग? दुरुस्तीला गेलो ना, दाढीचा ब्रश घेऊन! दोनदा फिरवला, आणि कुरडईचा चुरा!

आठवा दिवस. मॅडमनी डबीजवळ लायटरचा गॅस सोडला. शांतता. पुन्हा सोडला. शांतता! प्रणोतीचा चेहरा पांढराफटक... मग मात्र राहवेना. साहेबांपुढे उभा राहायचो तसा ताठ उभा राहिलो. म्हटलं, "महोदया, दोष यंत्राचा नाही, माझ्या श्रद्धेचा आहे."

"क्या लगाया, बाबूजी?"

"हल्दी, कुंकुम, अक्षत..."

"और?"

"...दाढ़ी का ब्रश."

मॅडम हसता हसता ओट्याला टेकल्या. "प्रणोती, घरों में तो यही होगा! जाली पर महीन फ़िल्टर लगाओ, नया सेंसर बिठाओ, और बाबूजी से फिर पूजा करवाओ!"

केली! शास्त्रोक्त पद्धतीने, ओळीने पाच दिवस, फक्त ब्रश न घेता! पाचही दिवस डबी लायटरला किंचाळली, मॅडमनी मान हलवली, प्रबंध मंजूर झाला!

काल छापून आला. पान एकशे बारा, तक्ता: सेन्सर निकामी करणारे घरगुती घटक. एक, ओलावा. दोन, तेलाची वाफ. तीन, आजोबा.

आता तुम्हीच सांगा, प्रयोगाने सिद्ध झालेल्या गोष्टीशी वाद कोणत्या तोंडाने घालायचा?