सवाष्णींच्या गावात अकिन्यीताई

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा, आमच्या महिला मंडळाच्या सौ. पुष्पाबाई, प्रमुख पाहुणे सरपंच कारभारीभाऊ, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर (महिला मंडळाचा कार्यक्रम असल्यामुळे त्यात पुरुषच जास्त आहेत, त्यांचं विशेष स्वागत), आज आपला निरोप घेणाऱ्या, केनिया देशातून महिला मंडळांचं काम बघायला आलेल्या अकिन्यीताई, आणि धामणगाव बढ्याच्या माझ्या बहिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी मॅट्रिक झालेली बाई. मंडळाचा हिशोब लिहिते आणि गुरुवार करते. भाषणाची सवय नाही. पण ताई पंधरा दिवस आमच्या घरी राहिल्या, म्हणून दोन शब्द मी बोलावेत असं ठरलं. चहापाण्याचा खर्च आम्हीच केला होता, तेव्हा भाषणही आमच्याकडेच आलं.

आफ्रिकेतली बाई येणार म्हटल्यावर आपली केवढी धांदल उडाली! तिला आपली संस्कृती दाखवायची होती. ताई जीपमधून उतरल्या. अंगात रंगीत झगा, गळ्यात मण्यांच्या माळा, कानात हे एवढे डूल. आपण काय समजलो? सवाष्ण! फलकावर 'सौ. अकिन्यी' असं आधीच छापलं होतं. हळदीकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली, टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत ताईंनी स्वतःची कहाणी सांगितली. माझी पुतणी मयुरी इंग्रजीतून मराठी करून सांगत होती. पहिल्याच वाक्याला ती थांबली. म्हणाली, "ताईंचे मिस्टर वारले, तेव्हा त्यांची मुलं लहान होती."

सभेत जी शांतता पसरली, ती आपल्याकडे श्रद्धांजलीलाही पसरत नाही. माझ्या मागून कुजबुज आली,
"वं माय! आता ओटीचं काय?"
"भरली ते भरली. आता काय परत मांगता?"

ताई मात्र सांगत राहिल्या. नवरा गेल्यावर दिरांनी शेत घेतलं, घरावरचे पत्रेसुद्धा काढून नेले. विधवेच्या शुद्धीचा विधी होईपर्यंत दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही, पेरणीचं पहिलं बी हातात धरायचं नाही. मग अचियेंग नावाची एक म्हातारी बाई, तीही विधवाच, त्यांच्या अंगणात आली. सोबत गावच्या बाया होत्या. भाषण नाही, घोषणा नाही. तीन दगड मांडून त्यांनी चूल पेटवली आणि मक्याच्या पिठाचा घाटा रांधायला बसल्या. ज्या बाईला घराबाहेर काढतात, तिच्या अंगणात जाऊन या बाया स्वयंपाक करतात. पेटलेली चूल उचलून कोण नेणार? पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, जमीन परत मिळाली. एकदा कोणी त्यांच्या मंडळाचं छप्पर जाळलं. दुसऱ्या दिवशी यांनी सभा उघड्यावर घेतली. आता अचियेंगबाई थकल्या, ते काम ताई करतात.

आपण सगळ्या हळहळलो. "काय मागासलेले लोकं असतीन बापा!" असंही कोणी म्हणालं. नाव घेत नाही, त्या इथंच बसल्या आहेत. पुष्पाबाईंनी तर ताईंना धीरच दिला, "आपल्याकडं असं काही नाही बरं. आपल्या बायाइले सगळी सूट हाये."

ताईंनी मान हलवली आणि मयुरीला काहीतरी विचारलं. मयुरी हळूच म्हणाली, "त्या विचारून राह्यल्या, चहा आणणारी बाई दाराबाहेरच काऊन उभी राह्यते?"

मग मयुरीनंच सांगितलं, "ती माही आई हाये."

पुष्पाबाई लगेच म्हणाल्या, "तिले गर्दी आवडत नाही."

तेवढ्यात दारातून आमच्या जाऊबाई, सत्यभामाबाई, ट्रे हातात धरूनच म्हणाल्या, "मले आवडते हो गर्दी. कोनी बोलावलंच नाही."

त्या दिवशीचा चहा फार गोड झाला होता, तरी निम्मे कप भरलेलेच परत गेले.

आता मयुरीचं लग्न आलं आहे. येत्या रविवारी हळद. घरात रोज एकच वाद. जाऊबाई म्हणतात, "पहिली हळद काकू लावीन. माहा विधवेचा हात कायले? उगाच पोरीच्या संसाराले काही झालं तं?" आणि मयुरी म्हणते, "आईनं नाही लावली तं मी पाटावर बसतच नाही." दोघी रडतात, मग एकाच ताटात जेवतात.

ताई भाकरी थापायला शिकत हे सगळं बघत होत्या. भाकरी काही जमली नाही, पण एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडे एकटीला भांडायला लावत नाहीत." मी मयुरीमार्फत विचारलं, "त्या अंगणात चूल पेटवायला नवरा असलेल्या बायाही येतात का हो?" ताई म्हणाल्या, "त्याच पुढे असतात. त्यांच्यावर ती वेळ अजून यायची असते."

मी देवभोळी बाई आहे. ते वाक्य ऐकून मंगळसूत्र चाचपलं, खोटं कशाला सांगू? पण मग सुचलं, दर गुरुवारी महाराजांचा नैवेद्य जाऊबाईच रांधतात. महाराजांना चालतं. आपण महाराजांपेक्षा सोवळे कधीपासून झालो?

आज ताईंना शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं आहे. ओटी नको, शाल चालते. शाल पुरुषांनाही देतो, त्यात शकुन-अपशकुन येत नाही. मंडळाचा हा तोडगा हुशारीचा आहे. मी त्यात बदल सुचवत नाही.

मी फक्त माझ्यापुरतं बोलते. मयुरीच्या पहिल्या हळदीचा मान रीतीप्रमाणे काकूचा, म्हणजे माझा. तो मान खरंच माझा असेल, तर कोणाला द्यायचा हेही मीच ठरवणार. तो मी सगळ्यांसमोर जाऊबाईंना देते. जाऊबाई, मान खाली घालू नका. पुष्पाबाई, तुम्हीही घालू नका.

ताई, तुमचे आभार मानायला माझी मराठी पुरत नाही, बाकीचं मयुरीचं इंग्रजी बघून घेईल. मंडळाचे, सरपंचांचे आणि एवढा वेळ ऐकून घेतलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. ज्यांना हे पटणार नाही, त्यांनी रविवारी हळदीला आलं नाही तरी चालेल, जेवायला मात्र नक्की यावं. जाऊबाई त्या दिवशी पोरीजवळ बसणार आहेत, स्वयंपाक आम्ही सवाष्णी करू. तेव्हा मीठ-मसाला कमीजास्त झाला, तर आतापासूनच क्षमा मागून ठेवते.