सिरोंच्याचा बारीक डबा

सन्माननीय अध्यक्ष चंपतराव साहेब, व्यासपीठावर विराजमान पाहुणे मंडळी, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या सांख्यिकी विभागाच्या प्रमुख प्रेमिलाबाई, आणि विहीर-सर्वेक्षण कार्यालयातील माझ्या बंधू-भगिनींनो,

काल सकाळी सिरोंच्याहून निघालो, आज पोचलो. अंग अजून एस.टी.तच हलून राहिलं आहे, तेव्हा शब्द डुलले तर सांभाळून घ्या. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही पारशिवनीच्या शाळेनं कंटाळून मला सोडून दिलं म्हणून. बाईंवर बोलायला इथं विद्वान बसले आहेत. पण बाईंच्या एका चित्रापायी मी नागपूर सोडलं, एवढाच माझा अधिकार.

आपल्या कॉम्प्युटरला जोडलेलं, पेनानं चित्र काढणारं ते प्लॉटर सगळ्यांना ठाऊक आहे. विहिरींत पाणी किती खोल, ते त्यावर निघतं. दर तालुक्याचा एक चौकोन; मधल्या निम्म्या विहिरी त्यात मावतात, बाकीच्यांसाठी वर-खाली काड्या. आपण त्याला डबा म्हणतो. पूर्वी सगळे डबे एकाच रुंदीचे निघत. सिरोंच्याचा पाहून वरचे लोक म्हणाले, इथं पाणी वरच आहे, बोअरची मशीन कशाला? आता सांगा, सिरोंच्यात विहिरी मोजल्या होत्या किती? चार-पाच! त्याही विश्रामगृहाजवळच्या, जिथवर जीप जाते. काटोलच्या शेकडो आणि ह्या चार-पाच, डबे मात्र सारखेच ऐटदार.

बाईंनी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. जितक्या जास्त विहिरी, तितका डबा रुंद. सिरोंच्याचा डबा इतका बारीक झाला की पेनाच्या दोन्ही रेघा एकमेकींत गेल्या. आपले ऑपरेटर नत्थूजी बघा, हसून राहिले! पेन अडकला समजून त्यांनी दोनदा पेन बदलला होता.

"बाई, मशीन बिघडली वाटते."

"मशीन बरोबर आहे, नत्थूजी. तिथं आपल्यातलं कोणी गेलंच नाही."

मी तेव्हा नकाशे उचलायच्या कामावर. एका जागी बसवत नव्हतं. म्हणालो, मी जातो.

"जंगल आहे गा, गोविंदा. तेलुगू येते का तुले?"

"मराठी तरी कुठं येते मले, बाई!"

"मग जा. एका पावसाळ्याचं काम आहे."

तो पावसाळा कोणता, हे मी विचारलं नाही. विहिरीत दोरी सोडा, मोजा, पुढच्या गावाले चला. नदी आडवी आली की बसून राहा. विहिरी चौपट झाल्यावर मोठ्या तोऱ्यात नागपूरले आलो, तर डबा फक्त दुप्पट!

"बाई, माझं अर्धं चालणं कुठं गेलं?"

"चौपट मोजलं की भरवसा दुप्पटच वाढते गा. पण खाली बघ."

डबा खालीही सरकला होता. आतल्या गावांत पाणी फार खोल होतं. त्या उन्हाळ्यात बोअरची मशीन तिकडं गेली. पुढं एका गावातून जाताना बाया हापशी हापसून राहिल्या होत्या. माझ्याकडं कोणी पाहिलंसुद्धा नाही. बरं वाटलं.

गेल्या महिन्यात नवा तक्ता सिरोंच्याले आला. सगळे डबे पुन्हा सारखे. कळलं की बाई जाणार म्हणून ती ओळ काढली; मोठ्या बैठकीत बारीक डबे वाईट दिसतात. अध्यक्ष साहेब, निरोपाच्या हारतुऱ्यांत असं बोलू नये. पण मी थकलो आहे, आणि थकलेल्या माणसाले कुठं थांबावं ते कळत नाही.

खरं सांगतो, आज मी परत नागपूरले बदली मागायले आलो होतो. नाही मागत. ती ओळ तेवढी परत घाला. पलीकडच्या एटापल्ली तालुक्यात अजून जेमतेम दोन-तीन विहिरी मोजल्या आहेत; तिचा डबा खरा काढला तर केसाएवढा निघेल. तो रुंद काढला, तर तिथं कोणी जाणार नाही. जायचं कारणच दिसणार नाही. साहेब, तुम्ही बारीक काढा, मी जातो.

बाई मान हलवून राहिल्या, नको म्हणून. बाई, एका पावसाळ्याचंच तर काम आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, आपले सर्वांचे आभार. बोलण्यात उणं-अधिक झालं असल्यास क्षमा असावी. आणि जे मी पुरतं न जाणता बोललो असेन, ते बारीक काढा.