डोळे मिटून पाहिलेला सिनेमा

चष्म्याचा नंबर काढायला आलेली दहावीतली पोरगी दवाखान्यात पुस्तक उघडून बसली होती खरी, पण तिचे कान सगळे शेजारच्या बाकावर होते. तिथे एक आजोबा डोळ्यांत औषध घालून, डोळे मिटून बसले होते. भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद होता, म्हणून सोबतच्या आजी त्यांना सिनेमा सांगत होत्या.

“भांडण झालं दोघांचं. ती बॅग घेऊन निघाली.”

“आता हा स्टेशनकडे धावत सुटेल.”

“सुटलाय.”

“वाटेत फुलवाली आडवी येईल.”

“आली. अहो, चाळीस वर्षं प्रत्येक सिनेमाचा शेवट आधीच फोडताय तुम्ही!”

“त्यात फोडायचंय काय? गाडी सुटता सुटता तो पोचतो, ती उतरते. सगळे एकाच साच्यातले गणपती!”

“हा नाही. गाडी गेली.”

“गेली? तिला घेऊन?”

“हो.”

“आणि तो?”

“बसलाय बाकावर. एकटाच.”

“काहीतरीच काय! अशी कशी जाईल ती? नीट बघ ना जरा!”

“डोळे मिटा आधी! औषधानं आत्ता सगळं धूसरच दिसणार, वर ते वाया जाईल.”

“औषध गेलं खड्ड्यात. शेजारी कोण आहे? बाळ, तू सांग, खरंच गेली का गं गाडी?”

पोरीने वर पाहिलं. पडद्यावर दोघं केव्हाच एकमेकांच्या गळ्यात पडली होती. आजी ओठांवर बोट ठेवून हसत होत्या.

“नाही आजोबा, गाडी अजून फलाटावरच आहे.”

“बघ! मी म्हटलं नव्हतं?” आजोबांनी डोळे घट्ट मिटून घेतले. “आता तूच सांग पोरी. सावकाश सांग, आणि शेवट आधी फोडू नकोस हं.”