इंदूबाईची फाईल

नाई वं पोरी, बंद करून पुन्हा चालू केल्यानं नाई होत ते. केलं म्या. शंभर खेपा केलं. तू बस आधी. त्या स्टुलावर — बस, बस, त्याच्यावरच बस, तुही माय बी तिथंच बसे. हे पाह्य, फोल्डर हाये ना? 'इंदूबाई, पातूर'. अन् आत तुह्या मायचे सारे गाने हायेत, पान एक, पान दोन, पुरे चौसष्ट — पन नावाच्या मांगं हे शेपूट लागलं, दिसते? उघडत नाई. कुलूप लागलं. चोरानं घर लुटलं नाई, घराले कुलूप लावलं अन् चावी घेऊन गेला. बहात्तर घंट्यात पैसे पाठव म्हने, तेही कोन्या परदेशी नाण्यात. अन् पाठवले तरी चावी देईनच याचा काई भरोसा नाई, असं अमरावतीचा एक कॉम्प्युटर शिकेल पोरगा म्हनला. डिस्क घेऊन गेल्तो मी त्याच्याकडं. दोनदा गेल्तो. 'काका, सांभाळून ठेवा, कधीतरी चावी निघन,' म्हने. कधीतरी!

आता तुले वाटन, या श्यामभाऊले काई समजत नाई. सव्वीस वर्षं झाले मले जुन्या शहरात टायपिंगच्या धंद्यात, म्या व्हायरस पाह्यले नाई काय? पयले तो पेनड्राइव्हवाला होता — लोकं मजकूर घेऊन येत, पेनड्राइव्ह लावला का सारे फोल्डर शॉर्टकट होऊन बसत. तो गरीब होता बिचारा, तरास दे पन जीव नाई घे. चहा येईस्तोर काढून टाको मी. मंग ती लाल पाटी ये स्क्रीनवर, 'तुमच्या कॉम्प्युटरात व्हायरस हाये, या नंबरवर फोन करा' — एका मास्तरनं केला ना फोन! ज्याईनं पाटी लावली त्याईलेच इचारलं, काय करू. अन् आता ह्या पत्रिका. मोबाईलवर लग्नाची पत्रिका येते, उघडली का मोबाईल गेला त्याच्या ताब्यात. माहा धंदाच पत्रिकेचा, अन् माही खरी पत्रिका बी कोनी उघडून नाई राह्यलं. मांगच्या हप्त्यात नवरदेवाचा मामा फोन करते, 'श्यामभाऊ, हे तुमीच पाठवली ना?' सक्ख्या मामाले भाच्याच्या लग्नाचं भेव वाटून राह्यलं, आता बोल. — नाई हासत? नोको हासू. मले बी येत नाई आताशा.

हा कसा आला म्हन्तं? आला असन कुठून बी. इंटरनेटवरून आला. — म्या आनला. घे, सांगतो. म्या आनला. तुह्या मायले पुस्तकाच्या कव्हरावर तिचं नाव बुद्ध इहाराच्या पाटीवर हाये तसं ठसठशीत पाह्यजे होतं. 'बापू, माह्यं नाव जलमात कुठं लिहेल नाई, रेशनकार्ड सोडून. मोठ्ठं कर.' तसा फॉन्ट इकत घ्या लागते. इथं कोन घेते इकत? साऱ्या गल्लीत एका सीडीवर साऱ्याईचं भागून राह्यलं इतके वर्षं. उतरवला फुकटचा. त्याच्यावर लिहेल होतं, आधी अँटिव्हायरस बंद करा. लिहेल होतं, पोरी! चोर दारात उभा राहून म्हन्ते कुत्र्याले बांध, अन् म्या बांधलं. नेहमीच बांधतो. कधी काई झालं नाई.

दुसरी परत? नाई ना. ज्यात अक्षर बदलता येते ती ओपन फाईल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाई, हे आमच्या धंद्याचं पयलं कलम. दिली का तो दुसरीकडं छापून घेते. तिनं मांगितली होती. अकरा दुपारी ती इथं बसून गायली, म्या ऐकून टाइप केलं, वाचून दाखोलं, तिनं कानानं चुका काढल्या. मंग म्हने, 'एक परत मले दे ना बापू.' अन् म्या म्हनलं — म्या म्हनलं, 'मावशी, तुमाले कुठं वाचता येते? आता पुस्तकच न्या.' रागावली नाई. 'मले नाई येत, माह्या पोरीले येते,' इतकंच म्हने.

कवाची तारीख दाखोते? तू कायले वाकून पाह्यतं? — हो. कुलूप लागलं ते पोळ्याच्या आधी. हो, ती दिवाळीनंतर गेली. मले मालूम हाये. त्याच्यानंतर तीन महिने होती ती. दर सोमवारी फोन करे, 'बापू, झालं काय?' अन् म्या म्हनो, होऊन राह्यलं मावशी, छापखान्यात हाये. आवाज खणखणीत होता तिचा. म्या नुसतं सांगतलं असतं, 'मावशी, माह्या हातानं गेलं, पुन्हा या' — तं आली असती. पातूरच्या गाडीनं आली असती, याच स्टुलावर बसून पुन्हा गायली असती सारं. मले लाज वाटली. अन् तुले बी सालभर तेच सांगून राह्यलो, होऊन राह्यलं, होऊन राह्यलं. आता तिच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाले आठ दिवस राह्यले, अन् लोकाईले वाटाले तुह्या हातात पुस्तक नाई.

थांब. हे घे. प्रूफाचे कागद आमी फेकत नाई, मांगची बाजू कोरी राह्यते, रफ कामाले येते. गठ्ठे उपसले काल सारे, हे एकच भेटलं. मांगं कोन्या बॅनरचं माप लिहेल हाये, ते नोको पाहू. तुह्यावरचं गानं हाये ते. — आन, म्याच वाचतो, तिले बी म्याच वाचून दाखोलं होतं —

'माह्या लेकीच्या बोटाले लागली शाई शाई,
पदराले पुसली म्या, पदर धुतला नाई.'

याच्या पुढं चार कडवे होते. मले नाई आठवत. टाइप करनाऱ्याले काई आठवत नाई, पोरी, फक्त बोटं चालतात.

घे. घडी नोको घालू, फाटन. अन् इथं नोको रडू, गिऱ्हाईक येतात. जाय. जाय म्हनलं ना, बाप्पा — पातूरची गाडी निघून जाईन.