अर्जावर कुणाचं नाव

थियनफू : ...म्हणजे उमेदवारीचा अर्ज उद्या भरायचाय, आणि हे तू मला आज सांगतेस?

युएश्या : पक्षाची माणसं काल संध्याकाळी येऊन गेली. तुझा डोळा लागला होता.

आई : लागू दे की. नऊ वर्षं डोक्यावर दिवा जळता ठेवून झोपवलं मेल्यांनी. घे रे, शेवया घे. डुकराचा पाय छान शिजलाय.

थियनफू : आई, तुरुंगातून सुटल्यावर हे एकदा खायचं असतं, अपशकुन जावा म्हणून. आज पंधरावा दिवस आहे.

आई : नऊ वर्षांचा अपशकुन एका वाडग्यात जातो होय?

थियनफू : बरं, वाढ. युएश्या, पोस्टरसाठी फोटो कधी काढायचा? कोट एकच आहे, आणि तोही अंगात लोंबतोय.

युएश्या : फोटो काढून झालाय. माझा.

थियनफू : तुझा?

युएश्या : मी उभी राहतेय. पक्ष म्हणाला, सरकारच्या माफीबरोबर थियनफूंना निवडणूक लढवायचा हक्क परत मिळालाय, आता नवराबायकोनं काय ते ठरवा. मी ठरवलंय. तुला सांगायचा धीर होत नव्हता.

थियनफू : ती जागा माझी होती. मी आत होतो म्हणून तू उभी राहिलीस. लोकांनी मत मला दिलं.

युएश्या : पहिल्यांदा, हो. प्रचाराच्या ट्रकवर तुझा फोटो छातीशी धरला, पाठ केलेलं सगळं विसरले आणि नुसती रडले. निवडून आले. दुसऱ्यांदा रडले नाही. तरी मतं वाढली.

आई : चार हजारांनी.

थियनफू : आई, तू कुणाच्या बाजूची?

आई : मी शेवया वाढतेय.

थियनफू : माझं भाषण तयार आहे गं. आत बसून रोज घोकलंय. लष्करी कायदा उठवा, इथून सुरुवात...

युएश्या : तो उठला.

थियनफू : माहीत आहे मला!

युएश्या : आता लोक गटाराचं विचारतात. मासळीबाजारात पाणी तुंबतं, त्याचं. मला ते जमतं. आवडतंही.

थियनफू : गटार! मग मी नऊ वर्षं काढली कशाला?

युएश्या : तेव्हा गटारावरून कुणी आवाज चढवला तरी पोलीस नाव लिहून न्यायचे. आता मासेवाली भर बाजारात माझा हात धरून मला शिव्या घालते आणि घरी जाऊन निवांत जेवते. त्याला कारण तू आहेस.



थियनफू : मला वाईट वाटतंय. खोटं कशाला बोलू?

युएश्या : मलाही वाटतंय. पण सोडवत नाही.

थियनफू : मग मी काय करायचं?

युएश्या : उमेदवारांच्या बायका करतात ते. छातीवर माझ्या नावाचा पट्टा घालून ट्रकवर शेजारी उभं राहायचं, आणि भेटेल त्याच्यापुढे वाकायचं.

थियनफू : आत मी एकदाही वाकलो नाही. दात पाडले, तरी नाही.

युएश्या : ठाऊक आहे. म्हणून तर तोंडातून शब्द निघत नव्हता.

थियनफू : ...किती वाकायचं?

युएश्या : समोरच्याच्या चपला दिसेपर्यंत.

थियनफू : आणि तू हरलीस तर?

युएश्या : दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ट्रक काढायचा. त्याच लोकांपुढे पुन्हा वाकायचं. आभार मानायला.

थियनफू : हरल्यावर कसले आभार?

युएश्या : त्यांनी निवडलं, त्याचे.

थियनफू : हं... आई, ती पळी ठेव खाली. चपला घाल आणि जरा माझ्यासमोर येऊन उभी राहा.